क्लिप कापलेली होती हे नंतर कळलं, मग माझं मत फुकट गेलं का?

प्रश्न काय आहे ते आधी थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मतदानाच्या चार दिवस आधी तुम्हाला एका उमेदवाराची चाळीस सेकंदांची क्लिप आली, ती बघून डोकं फिरलं, तुम्ही ती सात-आठ ग्रुपवर टाकली आणि रागारागात जाऊन त्याच्या विरोधकाला मत दिलं. दोन महिन्यांनी कळलं की क्लिप मधेच कापलेली होती, मूळ भाषणात तो माणूस विरोधकाचंच वाक्य वाचून दाखवत होता. म्हणजे चक्क ध चा मा. आता तुम्ही विचारताय की मी फसलो का, आणि असल्या खोट्या गोष्टींनी निवडणुका फिरतात म्हणतात ते कितपत खरं.

पहिली गोष्ट, हा प्रश्न तुम्ही स्वतःबद्दल विचारलात याचं मला मनापासून कौतुक वाटलं. मी गेली अठरा वर्षं मतदारांच्या मुलाखती घेते, सर्व्हे, घरी बसून तास-दीड तासाच्या गप्पा, आठ-दहा जणांना एकत्र बसवून चर्चा असं सगळं, आणि त्यात 'लोक किती सहज फसतात' म्हणणारे रोज भेटतात, 'मी फसलो का' म्हणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. डेव्हिसन नावाच्या अभ्यासकाने १९८३ मध्येच लिहून ठेवलंय की प्रचाराचा परिणाम आपल्यापेक्षा इतरांवर जास्त होतो असं माणसाला वाटत असतं. त्यात मीही आले, ते पुढे सांगते.

आता मुद्द्याचं. क्लिप खोटी होती हे ठरलंच, त्यात वाद नाही. पण तुम्ही फसलात का हे ठरवायचं तर क्लिप आलीच नसती तर तुम्ही काय केलं असतं हे कळायला हवं. आणि ते नुसत्या आठवणीवर विसंबून तुम्हाला सांगता येणार नाही, सॉरी, पण नाहीच येणार. का ते सांगते.

काही अभ्यासांत आम्ही त्याच त्या माणसांना तीनदा भेटतो, निवडणुकीच्या तीन-चार महिने आधी, मग आठवडाभर आधी आणि मग निकालानंतर. एक निवृत्त शिक्षक होते, निकालानंतर मला अगदी रंगवून सांगत होते की तो अमुक व्हिडिओ बघितला आणि त्याच रात्री ठरवलं, आता बस्स. माझ्या हातात त्यांचा पहिल्या भेटीचा फॉर्म होता, त्यात त्यांनी तेच नाव सांगितलेलं, आणि तो व्हिडिओ बाहेर आला त्यानंतर अडीच महिन्यांनी! ते खोटं बोलत नव्हते हो. निर्णय केव्हाच झाला होता, कारण मागून सापडलं, आणि डोक्यात दोघांचा क्रम उलटा बसला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, तशातली गत. तेव्हापासून मी मुलाखतीत आधी 'कधी ठरवलंत' विचारते, 'का' अगदी शेवटी विचारते, कारण 'का' एकदा तोंडातून निघालं की माणूस तारखासुद्धा त्याच्याशी जुळवून घेतो.

हे काही माझं एकटीचं निरीक्षण नाही. १९४० साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एरी काउंटीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केलं, मे ते नोव्हेंबर तीच माणसं पुन्हा पुन्हा गाठली. तेव्हा भीती होती रेडिओची, की हा डबा लोकांना बोटावर नाचवणार. निघालं असं की प्रचाराने पलटलेले लोक थोडेच, बहुतेकांचं आधीचंच मत घट्ट झालं, नाहीतर झोपलेलं मत जागं झालं. पुढे २०१८ मध्ये काला आणि ब्रूकमन या दोघांनी प्रचाराचे प्रत्यक्ष मैदानात झालेले ४९ प्रयोग एकत्र करून बघितले, घरोघर भेटी, फोन, पत्रकं, जाहिराती. मुख्य निवडणुकीत कुणाला मत द्यायचं यावर त्यांचा सरासरी परिणाम जवळपास शून्य. खूप आधी प्रचार केला तर थोडा परिणाम दिसतो, पण मतदानाचा दिवस येईपर्यंत तो विरून जातो. आता बघा, कोट्यवधींचा खर्च करून, रीतसर माणसं लावून मत हलत नाही म्हटल्यावर एक फॉरवर्ड ते हलवेल असं मानताना जरा थांबायला हवं.

शिवाय खोटं सगळ्यांपर्यंत सारखं पोचतच नाही. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळचा ट्विटरचा अभ्यास आहे, २०१९ मध्ये आला, त्यात फक्त १ टक्का लोकांच्या वाट्याला खोट्या बातम्यांच्या साइट्सवरचा ८० टक्के माल आला होता. रशियातून चालवलेल्या ट्विटर खात्यांनी तेव्हा प्रचाराचे जे उद्योग केले त्यावरही २०२३ मध्ये एक अभ्यास आला, तिथेही तेच, १ टक्का लोकांच्या डोळ्यांसमोर ७० टक्के माल, आणि ते १ टक्का कोण तर आधीपासूनच एका पक्षाचे कट्टर. त्यांचं मत बदलायला उरलं होतंच काय? त्या अभ्यासात मतांवर किंवा मतदानावर धड परिणाम सापडलाच नाही.

जुनं एक उदाहरण मला नेहमी आठवतं, १९२४ चं ब्रिटन. मतदानाच्या चार दिवस आधी 'डेली मेल'ने एक पत्र छापलं, मॉस्कोतल्या झिनोव्हिएव्ह या सोव्हिएत नेत्याने ब्रिटिश कम्युनिस्टांना लिहिलेलं म्हणून. बनावट होतं. तेव्हा मजूर पक्षाचं पहिलंवहिलं सरकार होतं, रॅम्से मॅक्डोनाल्ड पंतप्रधान, आणि ते हरले. पिढ्यान्‌पिढ्या लोक सांगत आले की त्या पत्राने सरकार पाडलं. पण आकडे बघितले तर मजूर पक्षाची मतं आदल्या वर्षीपेक्षा सुमारे दहा लाखांनी वाढली होती! कोसळले ते लिबरल, १५८ जागांवरून ४० वर आले आणि त्याचा फायदा हुजूर पक्षाला झाला. आता हुजूर पक्षाचे घाबरलेले मतदार पत्रामुळे जास्त बाहेर पडले असतील, असं असू शकतं. पण 'खोट्या पत्राने मजूर पक्षाची मतं पळवली' हे आकड्यांत बसत नाही. हरलेल्याला मात्र ते सोयीचं पडतं, नाचता येईना अंगण वाकडं. आणि हे मी सगळ्याच पक्षांबद्दल म्हणतेय, निकालाच्या रात्री 'फेक न्यूजमुळे हरलो' हे वाक्य मी सगळ्या रंगांच्या लोकांकडून ऐकलंय.

इतकं वाचून तुम्ही 'चला, म्हणजे काही होत नाही' म्हणून मोकळे व्हाल, तर तसंही नाही. मत या पक्षावरून त्या पक्षावर उचलून ठेवणं हे खोट्याचं काम नाही, एवढंच मी म्हणतेय. त्याची कामं वेगळीच आहेत.

एक म्हणजे मतदानाला जायचं की नाही. इथे हलवाहलव खूप सोपी असते. २०१० मध्ये फेसबुकने अमेरिकेत ६ कोटी १० लाख लोकांवर प्रयोग केला, तुमच्या कुठल्या मित्रांनी मतदान केलंय हे फोटोसकट दाखवलं, तर त्यातून एकूण ३ लाख ४० हजारांच्या आसपास जादा मतं पडली असा हिशोब निघाला. बाहेर काढता येतं तसं घरी बसवताही येतं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात पक्षांतर्गत निवडीच्या मतदानाआधी मतदारांना फोन आले, आवाज तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन यांचा, म्हणे तुमचं मत नोव्हेंबरसाठी राखून ठेवा, आत्ता देऊ नका. आवाज एआयने बनवलेला होता, मागे एक राजकीय सल्लागार होता आणि त्याला ६० लाख डॉलरचा दंड झाला. बघा, त्या फोनने 'अमक्याला मत द्या' म्हटलंच नाही. ज्याला हा धंदा कळतो तो मत बदलायच्या फंदात पडत नाही, माणूस घरी राहिला तरी त्याचं काम होतं.

दुसरं, शेवटच्या क्षणी ठरवणारे. हे लोक थोडे असतात, पण निवडणूक अटीतटीची असली की त्यांच्यावरच सगळं येतं. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत २००० साली फ्लोरिडा राज्यातला फरक ५३७ मतांचा होता, २०१६ मध्ये तीन राज्यांतल्या मिळून साधारण ७८ हजार मतांनी अख्खी निवडणूक ठरली. अशा ठिकाणी अगदी बारीक परिणामही मोठा. म्हणूनच ही मंडळी वेळ साधतात. स्लोव्हाकियात सप्टेंबर २०२३ मध्ये मतदानाच्या दोन दिवस आधी एक ऑडिओ फिरला, त्यात मिखाल शिमेचका हा एका मोठ्या पक्षाचा नेता एका पत्रकार बाईंशी मतं विकत घेण्याबद्दल बोलतोय असं ऐकू येत होतं, बनावट. आणि तिथे शेवटचे ४८ तास प्रचारबंदी, म्हणजे धड खुलासाही करता येईना. शिमेचकाचा पक्ष हरला आणि जगभर बातम्या झाल्या की डीपफेकने निवडणूक फिरवली. पण जिंकलेला स्मेर पक्ष आधीच्या बहुतेक चाचण्यांतही पुढेच होता, त्यामुळे मी तरी ते विधान करणार नाही. वेळ कशी निवडली होती ते बघण्यासारखं आहे, तुमची क्लिपसुद्धा चार दिवस आधीच आली ना.

तिसरं, चर्चा कशावर व्हायची ते. आठवडाभर सगळे एका खोट्या वाक्यावर भांडले की त्या आठवड्यात बाकी कामाचं काहीच बोललं जात नाही. हे मोजायला कठीण म्हणून त्यावर फार लिहिलं जात नाही.

पण खरं सांगू का, या तिन्हींपेक्षा मला जे जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे आणि त्यासाठी तुमच्या प्रश्नातला एक शब्द पकडते, 'रागारागात'. तुम्ही क्लिपबद्दल विचारलंत, मला त्या रागाबद्दल विचारावंसं वाटतंय. चाळीस सेकंदांत एवढा राग तयार होत नाही. तो आधीपासून साठलेला असतो, क्लिपने फक्त काडी टाकली.

हा साठा कसा वाढला त्याचे आकडे आहेत. अमेरिकेत १९६० मध्ये विचारलं होतं की तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केलं तर वाईट वाटेल का, तेव्हा हो म्हणणारे जेमतेम ५ टक्के. २०१० मध्ये डेमोक्रॅट्सपैकी साधारण एक तृतीयांश आणि रिपब्लिकनांपैकी निम्मे हो म्हणाले. शांतो अय्यंगार आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हे मांडलं तेव्हा त्यांचा मुद्दा असा होता की धोरणांवरचे मतभेद त्या मानाने वाढलेले नाहीत, वाढलाय तो तिटकारा. लोकांना आपला पक्ष जास्त आवडायला लागलाय असंही नाही, समोरचा नकोसा झालाय. मला मुलाखतींत हे रोज ऐकू येतं. 'तुमचा पक्ष का?' विचारलं की दोन वाक्यांत उत्तर संपतं, 'तो दुसरा का नको?' विचारलं की चहा गार होतो.

आणि समोरचा म्हणजे कोण हेही धड माहीत नसतं. मी गटचर्चेत एक साधी गोष्ट करून घेते, समोरच्या पक्षाला मत देणारा एक माणूस डोळ्यांसमोर आणा आणि त्याचं वर्णन लिहा. जे लिहिलं जातं ते वाचून कधी हसू येतं कधी भीती वाटते, तो माणूस कायम टोकाचा, कायम आरडाओरडा करणारा, कुणाचा तरी पगारी. मग मी त्याच खोलीतल्या, त्या पक्षाला मत देणाऱ्या माणसाला बोलायला सांगते (आधी त्याची परवानगी घेऊनच). शांतता पसरते. अमेरिकेत आहलर आणि सूद यांनी २०१८ मध्ये हेच आकड्यांत दाखवलं, लोकांना वाटत होतं की रिपब्लिकनांपैकी ३८ टक्के लोक वर्षाला अडीच लाख डॉलरच्या वर कमावतात, प्रत्यक्षात ते होते २ टक्क्यांच्या आसपास. ज्या माणसावर आपण चिडलोय तो बऱ्याचदा आपणच काढलेलं चित्र असतो.

आता हा साठलेला राग आणि फोनवरचा माल यांची गाठ कशी पडते ते बघा. एमआयटीच्या तिघांनी २००६ ते २०१७ मधल्या ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार खऱ्या-खोट्या बातम्यांचा प्रवास तपासला, २०१८ मध्ये छापलं, तर खोटी बातमी पुढे पाठवली जायची शक्यता ७० टक्क्यांनी जास्त, आणि १५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला साधारण सहापट वेळ लागत होता. आणि हे बॉट्समुळे (आपोआप चालणाऱ्या खात्यांमुळे) नव्हतं, माणसांमुळे होतं, तुमच्या माझ्यासारख्या. दुसरा एक अभ्यास २०२१ चा, फेसबुक आणि ट्विटरवरच्या सत्तावीस लाख पोस्ट बघितल्या, त्यात समोरच्या गटाचा उल्लेख करणारा एकेक शब्द वाढला की पोस्ट शेअर व्हायची शक्यता ६७ टक्क्यांनी वाढत होती. म्हणजे पोस्ट लिहिणाऱ्याला लवकरच कळतं की आपल्या नेत्याने काय काम केलं ते टाकून कुणी ढुंकून बघत नाही, समोरच्याला चिमटा काढला की तासाभरात गावभर. त्याला कुणी शिकवावं लागत नाही, आकडेच शिकवतात.

म्हणून खोट्याने लोक भडकतात हे अर्धंच खरं, भडकलेले लोक खोटं मागतात हे उरलेलं अर्धं. २०१६ मध्ये उत्तर मॅसेडोनियातल्या वेलेस नावाच्या छोट्या शहरातली पोरं अमेरिकेच्या निवडणुकीवर शंभरेक साइट्स चालवत होती, बरीचशी खोटीच बातमी. त्यांना ना त्या देशाशी देणंघेणं ना पक्षाशी, जाहिरातींचे पैसे मिळत होते. कशावर क्लिक पडतात ते बघून ती पोरं माल बनवत होती. गिऱ्हाईक होतं म्हणून दुकान चाललं.

आता माझ्या कामातलं मला सगळ्यात अस्वस्थ करणारं वाक्य सांगते. आम्ही लोकांना खोटी बातमी दाखवतो, मग ती खोटी आहे हे पुराव्यासकट दाखवतो, मग काय वाटतं विचारतो. लोक मानतात. खरंच मानतात, 'समजावलं तर उलट जास्त हट्टाला पेटतात' असं जे सर्रास म्हटलं जातं ते तितकंसं खरं नाही, वूड आणि पोर्टर यांनी ५२ विषयांवर दहा हजारांहून जास्त लोकांवर करून बघितलं, असा उलटा परिणाम जवळजवळ सापडलाच नाही. पण मानल्यानंतर एक बाई मला म्हणाल्या, 'हे खोटं असेल हो, पण ते असं करूच शकतात ना.' नंतर हेच वाक्य मी वेगवेगळ्या पक्षांच्या, वयांच्या, शिक्षणाच्या लोकांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता माझ्या वहीत त्याला एक खूणच आहे. वस्तुस्थिती दुरुस्त झाली, राग तसाच. २०१६ मध्ये ट्रम्प यांच्या समर्थकांवर असाच प्रयोग झाला, त्यांच्या भाषणातला चुकीचा दावा आकड्यांसकट दुरुस्त करून दाखवला, समर्थकांनी दुरुस्ती मान्य केली, आणि ट्रम्प यांच्याबद्दलचं मत? जिथल्या तिथे.

आणि हेच उलटं करून आपल्या बाजूला लावून बघा. समोरचा इतका भयंकर आहे हे एकदा मनात बसलं की आपल्या उमेदवाराचं काहीही खपतं. त्याने काम केलं नाही, पैसे खाल्ले, नियम धाब्यावर बसवले, तरी 'मग काय त्या दुसऱ्याला निवडून देऊ?' आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. माझ्या मते या सगळ्या खोट्याची आणि वैराची खरी किंमत ही आहे. मतदाराच्या हातात एकच छडी असते, आपल्याच माणसाला पुढच्या वेळी घरी बसवायची, आणि ती छडी तो स्वतःहून खाली ठेवतो. मत पलटत नाही, पलटायची शक्यताच बंद होते. सर्व्हेत हे दिसणार कसं, सर्व्हेत तर 'मत कायम' अशी नोंद होते आणि आपण म्हणतो बघा, काही परिणाम झाला नाही!

तर तुमच्याबद्दल. मला तुमचं मत कुणाला होतं ते नको सांगायला, पण मुलाखतीत मी तुम्हाला जे विचारलं असतं ते विचारते.

क्लिपच्या महिनाभर आधी तुम्ही कुणाशी काय बोलत होतात? आठवू नका, शोधा. जुने मेसेज काढा, मित्राला विचारा. त्यात जर तुम्ही आधीच त्याच बाजूचं बोलत असाल तर क्लिपने तुमचं मत घेतलं नाही, पडत्या फळाची आज्ञा मिळाली इतकंच. जर खरंच डळमळीत होतात, किंवा त्या उमेदवाराला द्यायचं म्हणत होतात, तर मात्र तुम्ही त्या थोड्या लोकांपैकी आहात ज्यांचं मत अशाने हललं, आणि मग फसलो म्हणायला तुम्हाला हक्क आहे.

क्लिप खोटी कळल्यावर पहिला विचार काय आला? 'अरे, मी चुकलो' की 'बरं, पण तरीही तो...'? हे तुमचं तुम्हालाच माहीत, आणि प्रामाणिक उत्तर द्यायला थोडं धाडस लागतं.

आणि क्लिप आली नसती तर मतदानाला गेला असतात का? हे लोक विचारतच नाहीत. माझा अंदाज, तुमच्या लिहिण्याच्या सुरावरून, की मत तिकडेच पडलं असतं पण कदाचित आळस केला असतात. चुकत असेन तर सोडून द्या.

बाकी हे बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. जिथे दोनच मोठे पक्ष आणि निष्ठा घट्ट, तिथे माणसं हलत नाहीत, मी वर सांगितलेले बहुतेक अभ्यास अशाच एका देशातले आहेत हे लक्षात ठेवा. जिथे पक्ष नवे, उमेदवार अनोळखी, किंवा पक्षांतर्गत निवड, तिथे लोकांकडे टेकायला दुसरं काही नसतं आणि एखादी क्लिपसुद्धा जड होते. लहान निवडणुकीत, जिथे बातमीदार फिरकत नाहीत आणि खोटं खोडायला कुणी नाही, तिथे मला जास्त काळजी वाटते.

तुम्ही ती सात-आठ ग्रुपवर टाकली होतीत, त्याचं काय केलंत ते लिहिलं नाहीये. टोमणा मारत नाहीये, कारण हे मीही केलंय. काही वर्षांपूर्वी एका सभेतल्या हाणामारीचा व्हिडिओ मी माझ्या ओळखीच्या ग्रुपवर टाकला, खाली शहाणपणाची दोन वाक्यंही लिहिली, आणि तो व्हिडिओ निघाला चार वर्षं जुना, दुसऱ्याच ठिकाणचा. मी, जी दिवसभर लोकांना हेच समजावते! का टाकला? कारण तो मला न आवडणाऱ्या लोकांबद्दल होता. तपासायचं सुचलंच नाही, तपासायचं सुचतं ते आपल्या लोकांवर आलं की. नंतर मी त्याच ग्रुपवर 'तो व्हिडिओ जुना होता, माझी चूक' असं लिहिलं. दोघांनी अंगठा दाखवला, एकाने लिहिलं 'असू दे हो, खोटं असलं तरी खरंच आहे.' घ्या! तरीही लिहायचं. एकच विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटायला लागतं हे १९७७ पासून प्रयोगांत दिसत आलंय, म्हणजे तुमच्या सात-आठ ग्रुपवर ती क्लिप अजून आपलं काम करत असणार. दुरुस्ती टाकताना एक करा, खोटं वाक्य परत लिहू नका, मूळ भाषणात काय होतं तेच लिहा आणि पूर्ण भाषणाची लिंक द्या. आणि तुम्ही त्या पक्षाचे नाही हे सगळ्यांना माहीत आहे ना, मग तर तुमच्या शब्दाला जास्त वजन आहे, त्या पक्षाच्या कार्यकर्त्याने केलेला खुलासा कोण वाचतो.

क्लिप तपासायची कशी यावर लोक मोठमोठे लेख लिहितात, मी एकच सांगेन. स्टॅनफर्डच्या लोकांनी इतिहासकार, हुशार विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्ट-चेकर यांना साइट्स तपासायला दिल्या, तर इतिहासकार आणि विद्यार्थी त्याच पानावर डोकं घालून बसले, फॅक्ट-चेकर लगेच ते पान सोडून बाहेर गेले, दुसऱ्या टॅबमध्ये शोधलं की हे कोण आहेत, यांच्याबद्दल बाकीचे काय म्हणतात. क्लिपचंही तसंच. चाळीस सेकंद दहादा बघून काही कळत नाही, चाळीस सेकंदांच्या आधी आणि नंतर काय होतं ते बाहेर जाऊन शोधावं लागतं.

आणि एक घरगुती उपाय, मी गटचर्चेतल्या लोकांना सांगते आणि गेल्या दोन निवडणुका स्वतः करतेय. प्रचार तापायच्या आधी, साधारण महिना-दीड महिना, एका कागदावर तारीख टाकून लिहायचं, मला आत्ता कुणाला मत द्यावंसं वाटतंय आणि का, आणि खाली एक ओळ, माझ्याच उमेदवाराने काय केलं तर मी त्याला मत देणार नाही. कागद घडी घालून ठेवून द्यायचा, मतदानाच्या सकाळी काढायचा. मागच्या वेळी वरची ओळ मला पाच मिनिटांत लिहिता आली. खालच्या ओळीला दोन दिवस लागले.